घोडीच्या कातड्याचं सरबत

सीमेलगतच्या इर्बिद शहरातल्या मुनीफ मास्तरांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांचं अक्षर, आणि दुसरी म्हणजे वस्तूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची सवय. एकतीस वर्षं भूगोल शिकवताना त्यांनी ओढ्याला नदी म्हणणारी पोरं बाकावर उभी केली. एका मुख्याध्यापकांनी भर सभेत टेकडीला डोंगर म्हटलं, तर मास्तरांनी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि त्यापायी बढती घालवली. अशा माणसानं सरकारी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात 'घोडीचं कातडं, चार खोकी' असं लिहून द्यावं आणि वर 'उपयोग : पिण्यासाठी' असंही भरावं, याला नशीबच लागतं.

प्रकरण मुळात चिमूटभर होतं. मास्तरांची बायको रईफा सीमेपलीकडची, दमास्कसच्या बाहेरच्या बागाईतातली; मुलाच्या नावावरून ती मास्तरांना 'अबू राइद' म्हणायची. माहेरी जर्दाळूची बाग. जर्दाळू शिजवायचे, गाळायचे, गर पाटांवर पसरून उन्हात वाळवायचा आणि त्याची लांबरुंद पोळी गुंडाळून ठेवायची. रमजानात ती पोळी भिजत घालून सरबत करायचं, आणि रोजा सोडताना खजुरामागून पहिला घोट त्याचाच घ्यायचा. बाजारात या पोळीला 'कमर अद-दीन' म्हणतात, म्हणजे धर्माचा चंद्र. रईफाच्या माहेरी मात्र इतकं गोड बोलायची पद्धत नव्हती. ती दिसते तांबूस, चिवट आणि चकचकीत, म्हणून तिथे तिला पिढ्यान् पिढ्या 'घोडीचं कातडं' म्हणत आले.

लढाईच्या वर्षांत ती बाग गेली. झाडं सरपणाला गेली, माणसं जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. मग रईफाचा भाऊ नाझिम परतला, त्यानं नवी रोपं लावली, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांना पहिल्यांदा पोळ्या घालण्याइतकं फळ आलं. तेरा वर्षांनी. नाझिमचा तसा फोन आला तेव्हा रईफा एवढंच म्हणाली, "दोन पोळ्या पाठव." मग तिनं माळ्यावरचं आईचं तांब्याचं पातेलं खाली काढलं आणि घासत बसली. छत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला एवढं पुरे असतं. मास्तर तिच्याशेजारी बसले. ते म्हणाले, "रईफा, पहिल्या रोजाला हे पातेलं भरलेलं असेल. माझा शब्द."

दोन पोळ्या कुणाच्याही पिशवीतून आल्या असत्या. पण खालच्या मजल्यावर अबू गाझी राहतो. या गृहस्थानं वीस वर्षं दमास्कसच्या रस्त्यावर ट्रक चालवला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्याला बोलायचा हक्क आहे असं तो समजतो. आपल्याकडे ज्याला उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. फक्त याचा उंट डिझेलवर चालायचा.

"दोन पोळ्या?" अबू गाझी म्हणाला. "मास्तर, बिल्डिंगमध्ये बारा बिऱ्हाडं आहेत. वहिनींच्या माहेरचा माल येणार आणि आम्ही दुकानातलं रंगीत पाणी प्यायचं?"

इथे मास्तरांनी हसून विषय बदलायला हवा होता. त्याऐवजी ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "पहिल्या रोजाला अख्ख्या बिल्डिंगला पाजीन." संध्याकाळपर्यंत यादी झाली. यादीत शेजाऱ्यांचे मेहुणे आले, मेहुण्यांच्या सासवा आल्या. दोन पोळ्यांचे ऐंशी किलो झाले. ऐंशी किलोला सीमेवरच्या जकात नाक्यावर घरचा खाऊ म्हणत नाहीत, व्यापारी माल म्हणतात, आणि व्यापारी मालाला फॉर्म लागतो.

"एखादा दलाल धरा," अबू गाझी म्हणाला. "त्यांना आतली भाषा येते."

"अख्ख्या जिल्ह्याला नकाशे भरायला शिकवले मी. मला एक फॉर्म भरायला दलाल?" मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसून बसले.

फॉर्मवर सहावा रकाना होता : मूळ ठिकाणी माल ज्या नावाने ओळखला जातो ते नाव. दुसऱ्या कुणीही डोळे झाकून 'कमर अद-दीन' लिहिलं असतं. पण मास्तरांनी रकाना नीट वाचला, दोनदा वाचला. मूळ ठिकाण म्हणजे नाझिमची बाग. नाझिमच्या बागेत या मालाला काय म्हणतात? त्यांनी ते लिहिलं. घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरून बोलावणं आलं. टेबलामागे हनादी नावाची तरुण इन्स्पेक्टर बसली होती. ती नम्र होती, हसतमुख होती आणि जराही हलणारी नव्हती.

"मास्तर, आपली कातडी आली आहेत. घोड्याची ना?"

"घोडीची," मास्तर सवयीनं म्हणाले.

"बरं, घोडीची. म्हणजे जकातीच्या पुस्तकातलं प्रकरण एक्केचाळीस, कच्ची कातडी. जनावर मेलं तेव्हा निरोगी होतं असा पशुवैद्याचा दाखला लागेल."

"अहो बाई, जनावर कुठलं? जर्दाळू आहेत ते."

हनादीनं एक खोकं उघडून वास घेतला. क्षणभर तिचे डोळे मिटले. मग तिनं झाकण लावलं. "वास जर्दाळूचा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण कागदावर घोडी आहे, आणि आमच्याकडे आधी कागद, मग नाक. शिवाय उपयोगात आपण 'पिण्यासाठी' लिहिलंय. कातडं पिण्यासाठी मागवणारे आपण पहिलेच."

नाव बदलायला वेगळा अर्ज, अर्जाला प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्राला तिकीट. "मी खाली सही करणारा शपथपूर्वक लिहून देतो की सदरहू माल कधीही घोडी नव्हता," असं मास्तरांनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकं खरं आणि इतकं लाजिरवाणं वाक्य त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. नाक्यावरच्या शिपायानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 

घोडी गेली, पण कातडं मेलं नाही. आता माल कुठल्या प्रकरणात घालायचा हा प्रश्न उभा राहिला. हनादीनं जकातीचं जाडजूड पुस्तक उघडलं.

"नुसतं वाळवलेलं फळ असेल तर प्रकरण आठ. साखरेची मिठाई असेल तर सतरा. शिजवलेल्या फळाचा गर असेल तर वीस. पेय असेल तर बावीस. तर मला सांगा मास्तर, हे खातात की पितात?"

दुसऱ्या कुणी एक उत्तर देऊन सुटका करून घेतली असती. पण मास्तरांच्या तोंडून अपुरं उत्तर जायचं नाही. "मोठी माणसं पितात," ते म्हणाले. "पोरं तुकडे तोडून चघळतात. आणि माझी बायको खीर करते."

"म्हणजे पेय, मिठाई आणि खीर," हनादीनं लिहून घेतलं. "तीन प्रकरणं. प्रत्येकाचा नमुना लागेल."

तीन पोळ्या गेल्या. कुठे गेल्या ते त्या घेणाऱ्यांनाच ठाऊक. पण पुढच्या खेपेला नाक्यावरचा प्रत्येक जण मास्तरांना ओळखून सलाम करत होता आणि एकाच्या मिशीला काहीतरी तांबूस चिकटलं होतं.

अबू गाझीला हे कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, खाणं-पिणं कशाला बोलत बसलात? औषध म्हणून सांगा. औषधावर जकात नसते. माझी आई पोट साफ व्हायला हेच द्यायची."

हे खोटं नव्हतं, म्हणून मास्तरांना पटलं. त्यांनी नाक्यावर जाऊन पोटाचा मुद्दा मांडला. हनादीनं लेखणी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि नाइलाजानं तेही लिहून घेतलं, कारण अर्जदारानं सांगितलेलं लिहून घ्यायला ती बांधील होती. आठवड्यानं औषध खात्याचं पत्र आलं. एका गोळीचं वजन किती, दिवसातून किती वेळा घ्यायची आणि गरोदर बायकांवर परिणाम काय, असं विचारलं होतं. सोबत चौथा नमुना मागितला होता.

इकडे बिल्डिंगमध्ये दोन तट पडले. पहिला आणि दुसरा मजला पेयवाले, तिसरा आणि चौथा मिठाईवाले. जिन्यात मास्तर दिसले की कुणी ना कुणी विचारी, "काय मास्तर, घोडी कुठवर आली?" मास्तर मान ताठ ठेवून वर जात. वर्गात खडू फेकणाऱ्या पोरांवरसुद्धा ते इतके चिडले नव्हते.

रईफाची गोष्ट वेगळी होती. ती टोमणे मारण्यात चांगली पटाईत. दमास्कसची बाई आहे, टोमणा तिला श्वासासारखा येतो. पण या दिवसांत ती रोज सकाळी नुसतं ते तांब्याचं पातेलं पुसायची आणि ओट्यावर पालथं घालायची. रमजानच्या आधीचा शाबान महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा ती पातेलं उचलून माळ्यावर ठेवायला निघाली.

"अजून पाच दिवस आहेत," मास्तर म्हणाले.

"मी दोन पोळ्या मागितल्या होत्या," रईफा म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला बिल्डिंग नको होती, अबू राइद. मला नुसतं कळायला हवं होतं की चव तीच आहे का. आई गेली तेव्हा नाझिम आठ-नऊ वर्षांचा होता. आईला करताना त्यानं किती पाहिलं असेल?"

 आपण किती मूर्ख आहोत हे मास्तरांना तेव्हा लख्ख कळलं, आणि ते त्यांना फार लागलं. त्यांनी तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि कोट चढवला.

"प्रयोगशाळेचा अहवाल यायला तीन आठवडे," हनादी म्हणाली. "साखर किती आहे ते मोजल्याशिवाय मिठाई की गर हे ठरत नाही. साखर जास्त तर सतरा, कमी तर वीस. बाकीची प्रकरणं मी खोडली आहेत, पोटाचंसुद्धा."

"बाई, तीन आठवड्यांनी अर्धा रमजान उलटून गेलेला असेल. वरातीमागून घोडं न्यायचंय का मला?"

"पुन्हा घोडं?" हनादी म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटलं. मास्तरांचा चेहरा पाहून तिनं पुस्तक ओढलं आणि शेवटची पानं चाळली. "एक कलम आहे. प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत मिळत नसेल तर तीन जणांची समिती चव घेऊन निर्णय देऊ शकते. साहेब, मी आणि आमचे कारकून जिर्यीस. कधी ठेवू?"

इथे मास्तरांतला भूगोल जागा झाला. रमजान कधी सुरू होणार हे चंद्र दिसण्यावर, आणि चंद्र कधी दिसणार हे मास्तरांच्या हिशोबावर. त्यांनी कागदावर कोन काढले, सूर्यास्ताची वेळ मांडली आणि सांगितलं, "मंगळवारी चंद्र दिसणं अशक्य. पहिला रोजा गुरुवारी. तुम्ही बुधवारी सकाळी दहाची वेळ ठेवा. बुधवारी माल सुटेल, गुरुवारी पातेलं भरेल."

मंगळवारी संध्याकाळी चंद्र दिसला. टीव्हीवर जाहीर झालं, मशिदींतून जाहीर झालं, आणि सगळ्यांच्या वर अबू गाझीनं जिन्यातून जाहीर केलं, "मास्तर, चंद्रानं तुमचा भूगोल वाचलेला दिसत नाही."

बुधवारी सकाळी दहा वाजता मास्तर नाक्यावर हजर होते. साहेबांचं नाव फवाझ बेक. पोट सुटलेलं, रोजाचा पहिला दिवस, चहा नाही, सिगारेट नाही. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तरांना आपण बाकावर उभी केलेली पोरं आठवली.

"उपासाच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाला आम्हाला सरबताची चव घ्यायला बोलावणारे आपणच ना?"

"जिर्यीसराव ख्रिस्ती आहेत," मास्तर धीर करून म्हणाले. "त्यांना रोजा नाही."

कोपऱ्यातल्या जिर्यीसनं हात जोडले. "रोजा नाही, पण मधुमेह आहे, मास्तर. घोटभर प्यालो तर बायको मला घरात घेणार नाही."

एका चंद्रानं दुसऱ्या चंद्राची वाट अडवली होती. साहेब फाइल मिटायला निघाले, तेवढ्यात हनादी म्हणाली, "समितीची वेळ बुधवार आहे, साहेब. बुधवार मध्यरात्रीपर्यंत असतो. मगरिबची अजान पावणेसहाच्या सुमाराला होते. आपण दोघंही इथेच रोजा सोडणार. चव तेव्हा घेऊ."

साहेबांनी विचार केला. उघड्या खोक्यातून वास येत होता, आणि उपाशी माणसाचं नाक कलमांपेक्षा चांगलं चालतं. "भिजायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी घरी फोन लावला. दीड तासात अबू गाझीची खटारा गाडी नाक्यावर येऊन थांबली आणि मांडीवर पातेलं घेऊन रईफा उतरली. शिपायानं एक पोळी मोजून दिली, तिची पावती घेतली. रईफानं पोळी हातात धरली, उजेडाकडे करून पाहिली, मग भराभर तुकडे करून पातेल्यात टाकले आणि किटलीतलं गरम पाणी ओतलं. तिनं बोट चाटलं नाही. सवयीनं हात तोंडाकडे गेला होता, तो तिनं ओढणीला पुसला.

वरून कुणी साखर घालू नये म्हणून पातेल्याला लाल फीत बांधून लाखेचं सील ठोकलं, त्यावर तिघांच्या सह्या झाल्या आणि ते खिडकीत ठेवलं. दुपारभर अख्ख्या नाक्याचं कामकाज त्या खिडकीसमोरून गेलं. ज्यांचं टेबल पलीकडच्या इमारतीत होतं त्यांनाही काहीबाही विचारायला इकडेच यावं लागत होतं. अबू गाझी एका ट्रकवाल्याला पोटाचा मुद्दा समजावत होता. मास्तर आणि रईफा बाकावर शेजारी शेजारी बसले होते.

"तीच नसली तर?" रईफानं हळूच विचारलं.

"तर गोड मानून घेऊ," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या गोष्टीचं नाव बदलायची तयारी दाखवली होती.

अजान झाली. सील तोडलं. खजूर वाटले गेले, पाणी फिरलं, मग रईफानं पातेलं ढवळून पेले भरले. पहिला पेला साहेबांना द्यायचा असा शिष्टाचार. पण फवाझ बेकनी तो हातात घेऊन पाहिला आणि रईफापुढे केला. "माल आपल्या माहेरचा आहे. आधी आपण."

रईफानं घोट घेतला. सगळा नाका तिच्याकडे पाहत होता. तिनं दुसरा घोट घेतला. तिच्या गालावरून पाणी ओघळलं ते तिनं पुसलंही नाही.

"आंबट आहे," ती म्हणाली. "साखर कमी घातलीय मेल्यानं. आईसुद्धा कमीच घालायची. म्हणायची, जर्दाळूचं तोंड साखरेनं बंद करू नये." मग ती हसायला लागली. "तीच आहे, अबू राइद. तीच चव आहे."

फवाझ बेकनी पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि दुसऱ्यासाठी पुढे केला. हनादी एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं लिहीत होती : साखर कमी, आंबटपणा स्पष्ट, शिजवलेल्या फळाचा गर, प्रकरण वीस. जिर्यीसनंही अर्धा पेला घेतला, साखर कमी असल्याचं आता सरकारी मत होतं म्हणून. खोकी गाडीत चढली. अबू गाझीनं फोनवरून बिल्डिंगला कळवलं की आपण प्रकरण मिटवलं.

शेवटचा कागद तेवढा राहिला होता. समितीपुढे ज्यांनी माल ओळखला त्यांची सही आणि माहिती लागत होती. हनादीनं मास्तरांपुढे कागद सरकवला, कारण त्यांचं अक्षर आता नाक्यावर प्रसिद्ध होतं.

"साक्षीदाराचं नाव, रईफा," मास्तर लिहीत गेले. "व्यवसाय..." त्यांनी 'गृहिणी'चा 'गृ' काढला.

रईफानं त्यांच्या हातातून लेखणी घेतली. 'गृ' खोडला आणि स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं : बागवाल्याची बहीण.

मास्तरांनी चष्मा वर करून ते वाचलं. मग नेहमीप्रमाणे पहिल्या रकान्यापासून सगळा कागद तपासला. वर मालाचं नाव होतं 'शिजवलेल्या फळाचा गर'. साऱ्या फॉर्मवर खऱ्या नावानं हाक मारलेली गोष्ट तेवढी एकच होती. त्यांनी खाली सही केली.